ध्वनिचित्रफितीतील गोंगाट व त्याचे निवारण

(ग्रामपंचायतींचे कर्मचारी, शिक्षक व सांस्कृतिक मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोव्याच्या गावागावांतून आज चित्रीकरणाचे काम चालते. ग्रामसभेचे कामकाज, शाळेचे स्नेहसंमेलन, शेतीची प्रात्यक्षिके, देवस्थानांच्या जत्रा, शिगम्याचे मेळ, पौषातील धालो या सर्वांच्या ध्वनिचित्रफिती मोबाईलवर तयार होतात. ज्या कामासाठी एके काळी खात्याची गाडी, छायाचित्रकार व ध्वनिमुद्रक यांना गावात यावे लागे, ते काम आता एखादा शिक्षक किंवा पंचायतीचा कारकून एकट्याने पार पाडतो. ही समाधानाची गोष्ट होय. तथापि चित्रीकरणानंतर ती चित्रफीत पाहू गेल्यास पुष्कळदा हिरमोड होतो. माणसे ओळखू येतात, पण त्यांचे शब्द कळत नाहीत. वक्त्याच्या आवाजावर छताच्या पंख्याची घरघर चढलेली असते. आषाढातील सभा असेल, तर पत्र्यावरील पावसापुढे बाकी काही ऐकू येत नाही. संध्याकाळनंतरचे चित्रण असेल, तर अंधाऱ्या भागात रंगीत ठिपके वळवळताना दिसतात.

हा गोंगाट कमी करणाऱ्या आज्ञावली आता सर्वांच्या आवाक्यात आल्या आहेत. त्यांतील काही विनामूल्यही आहेत. त्यामुळे ‘एक बटन दाबले की सारे स्वच्छ’ असा समज पसरला आहे. तो सर्वस्वी खोटा नाही, पण तो धोक्याचा आहे. गोंगाट काढताना त्याच्याबरोबर आणखी काय निघून जाते, हे ओळखण्याची सवय कानाला व डोळ्याला लागली नाही, तर ही साधने उपकारापेक्षा अपकारच अधिक करतील. म्हणून साधनाच्या ओळखीबरोबर ही पारखही अंगी बाणवणे आवश्यक आहे.

गोंगाटाचे प्रकार

प्रथम रोगाचे निदान, मग औषध, हा क्रम येथेही पाळला पाहिजे. ध्वनिमुद्रणात बिघाड करणाऱ्या गोष्टी चार प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार सतत एकसारख्या चालणाऱ्या आवाजाचा. पंख्याची घरघर, ध्वनियंत्रणेतील ‘स्स्’ अशी फूत्कारासारखी खरखर आणि विजेच्या तारांमुळे येणारी गुणगुण हे त्यात मोडतात. आपल्या देशातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने ही गुणगुण ५० हर्ट्झ व तिच्या पटीत, म्हणजे १००, १५०, २०० हर्ट्झ या जागी सापडते. दुसरा प्रकार अवचित येणाऱ्या आवाजांचा. मोटारीचा कर्णा, खुर्ची सरकवण्याचा कर्कश आवाज, खोकला हे त्यात येतात. तिसरा प्रकार घुमाऱ्याचा. मोकळ्या भिंतींच्या सभागृहात वक्त्याचा शब्द भिंतींवर आपटून परत येतो व पुढच्या शब्दावर पडतो. चौथा प्रकार फाटलेल्या आवाजाचा. ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याजवळ मोबाईल धरला, की यंत्राच्या मर्यादेपलीकडचा आवाज आत शिरतो आणि ध्वनिलहरींचे माथेच कापले जातात.

गोंगाट-निवारणाची नेहमीची आज्ञावली प्रामुख्याने पहिल्या प्रकारासाठी आहे. अवचित आवाज त्या त्या जागी हाताने कमी करावे लागतात. घुमारा काढण्याची साधने वेगळी असून त्यांचे यश मर्यादित असते. फाटलेल्या आवाजात तर मुळातला भागच मुद्रित झालेला नसतो, त्यामुळे तेथे जे काही भरले जाते ते अनुमानाने भरले जाते. हा भेद न जाणता चारही दुखण्यांवर एकच औषध दिल्यामुळे अनेक नवशिके निराश होतात.

थोडा इतिहास

या विद्येचा एक धागा भारताशीही जुळतो. रे डॉल्बी हे अमेरिकी अभियंते १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते व चंदीगढ येथील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत काम करीत होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा स्थापन केली. फितीवरील ध्वनिमुद्रणात फितीची स्वतःची खरखर मिसळत असे. डॉल्बी यांनी यावर योजलेला उपाय साधा आणि मार्मिक होता. मुद्रण करतानाच हलके आवाज उचलून घ्यावयाचे आणि ऐकवताना ते तितकेच खाली आणावयाचे. आवाज मूळ पातळीवर येतो, पण मध्यंतरी मिसळलेली फितीची खरखर त्याच्याबरोबर खाली जाते. उपायाची सुरुवात मुद्रणाच्या क्षणीच होते, ही यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

मुद्रण झाल्यावर त्यातला गोंगाट गणिताने वजा करण्याची रीत पुढे संगणकामुळे शक्य झाली. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाचे स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये या विषयावर प्रसिद्ध केलेला निबंध पुढील कामाचा एक पाया ठरला. या रीतीत आवाजाचे काळाच्या दृष्टीने बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यातील स्वर खालपासून वरपर्यंत शेकडो पट्ट्यांत विभागतात. जेथे कोणी बोलत नाही अशा जागी नुसत्या गोंगाटाचा नमुना घेऊन प्रत्येक पट्टीत त्याचा जोर किती आहे ते मोजतात. मग संपूर्ण मुद्रणात ज्या पट्टीतील जोर नमुन्याच्या आसपास असेल, ती पट्टी दाबली जाते. ज्या पट्टीत त्याहून पुष्कळ जोर असेल, ती तशीच राहते.

या वर्णनातच साधनाची मर्यादा उघड होते. यंत्राला शब्द कळत नाहीत, केवळ जोर कळतो. पंख्याच्या जोराइतकाच हलका असलेला वृद्ध माणसाचा शब्दान्त त्याच्या दृष्टीने पंखाच ठरतो.

मुद्रण नीट तर निम्मे काम फत्ते

चार मीटरवरून एक मीटरवर मोबाईल आणला, तर मोकळ्या जागेत वक्त्याचा आवाज सुमारे १२ डेसिबेलने वाढतो, कारण अंतर निम्मे झाले की सुमारे ६ डेसिबेलची भर पडते. पंख्याचा किंवा लाटांचा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. हे १२ डेसिबेल फुकट मिळतात आणि त्यांत एकाही शब्दाची हानी होत नाही. कोणतीही आज्ञावली तितक्या निर्मळपणे ते मिळवून देऊ शकणार नाही. वक्त्याच्या कॉलरला लावावयाचा लहान माइक मिळाला, तर त्याहून उत्तम.

शक्य असेल तेथे पंखा तेवढ्यापुरता बंद करावा, खिडकी लावावी, उघड्या जागेत माइकवर स्पंजाची टोपी घालावी. आणखी एक नियम कटाक्षाने पाळावा. भाषण सुरू होण्यापूर्वी अथवा संपल्यावर दहा सेकंद कोणी न बोलता त्या जागेचा नुसता आवाज मुद्रित करून घ्यावा. पुढे आज्ञावलीला नमुना म्हणून हाच भाग उपयोगी पडतो. तो नसेल, तर दोन वाक्यांमधील लहानसा विराम शोधत बसावे लागते.

निवारणाचा क्रम

ऑडॅसिटी ही ध्वनिसंपादनाची विनामूल्य आज्ञावली २००० सालापासून उपलब्ध आहे. तिचे उदाहरण घेतले, तर कामाचा क्रम असा राहील. चित्रफितीचे संकलन ज्या आज्ञावलीत करावयाचे, तीतून आवाजाचा पट्टा वेगळा काढून ‘वेव्ह’ प्रकारच्या फाइलीत ठेवावा. तो ऑडॅसिटीत उघडून नुसत्या गोंगाटाचा भाग निवडावा आणि ‘नॉइज रिडक्शन’मध्ये जाऊन ‘गेट नॉइज प्रोफाइल’ हा आदेश द्यावा. नंतर संपूर्ण पट्टा निवडून निवारण किती डेसिबेलचे करावयाचे ते ठरवावे. नवशिक्याने ६ पासून सुरुवात करावी व १२ च्या पलीकडे सहसा जाऊ नये. गोंगाट पूर्णपणे नाहीसा करण्याचा हव्यास धरू नये. बोलणे पुढे आले आणि पंखा मागे राहिला, म्हणजे काम झाले.

विजेची गुणगुण असेल, तर ५० हर्ट्झ व तिच्या पटीतील बारीक जागा तेवढ्या दाबणारा ‘नॉच फिल्टर’ वापरावा. नुसत्या भाषणाच्या मुद्रणात ८० हर्ट्झच्या खालील भाग ‘हाय-पास फिल्टर’ने कमी केला, तर वाऱ्याची व गाड्यांची घरघर पुष्कळशी उतरते. आवाज मोठा करण्याचे काम निवारणानंतर करावे, आधी नव्हे. शेवटी हा पट्टा चित्राखाली मूळ जागी बसवावा. मधल्या काळात त्याची लांबी यत्किंचितही बदलू नये, अन्यथा ओठ आणि शब्द यांचा मेळ बिघडतो.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात. ऑडॅसिटीत ‘रेसिड्यू’ नावाचा एक पर्याय आहे. तो निवडला, की आज्ञावली जे काढून टाकणार आहे तेवढेच ऐकवते. गृहिणी तांदूळ पाखडते, तेव्हा सूप जोराने उडवले तर कोंड्याबरोबर दाणेही अंगणात पडतात. जाणती बाई म्हणूनच खाली पडलेल्या कोंड्याकडेही नजर टाकते. तीच दक्षता येथे हवी. टाकाऊ आवाजात केवळ पंखा ऐकू आला, तर निवारण योग्य आहे. त्यात बोलण्याची कुजबुज ऐकू येऊ लागली, तर दाणे सांडत आहेत असे समजून मात्रा कमी करावी.

मराठी व कोकणी बोलण्याच्या बाबतीत ही दक्षता अधिकच घ्यावी लागते. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ह’ यांचे उच्चार मुळातच वाऱ्याच्या फूत्कारासारखे असतात. ‘ख’, ‘घ’, ‘ठ’, ‘भ’ यांसारख्या महाप्राण वर्णांचे वेगळेपण तर श्वासाच्या झोतावरच अवलंबून असते. यंत्राच्या दृष्टीने हा श्वास आणि खरखर यांत फारसा फरक नाही. निवारण जास्त झाले, की ‘खत’ ‘कत’सारखे व ‘भात’ ‘बात’सारखे ऐकू येऊ शकते. ग्रामसभेत कोणी ‘साठ हजार’ म्हणाले असेल आणि चित्रफितीत ते ‘सात हजार’ की काय असा संशय येऊ लागला, तर त्या स्वच्छतेची किंमत फार मोठी पडली असे म्हणावे लागेल.

चित्रातील खळबळ

अंधारात घेतलेल्या चित्रात जे ठिपके वळवळतात तोही गोंगाटच, फक्त डोळ्यांचा. प्रकाश कणाकणाने येतो. तो अपुरा असला, की कॅमेरा मिळालेला क्षीण संकेत वाढवून घेतो आणि त्याबरोबर त्यातील अनियमितताही वाढते. प्रकाश चौपट केला, तर या अनियमिततेचे प्रमाण साधारणपणे निम्म्यावर येते. म्हणून दिवा जवळ आणणे हा पहिला उपाय.

आज्ञावली दोन मार्गांनी काम करते. पहिल्या मार्गात लागोपाठच्या चौकटींची तुलना होते. चित्र स्थिर असेल, तर चार चौकटींच्या सरासरीने ठिपक्यांचा जोर निम्मा होतो, कारण ठिपके दर चौकटीत बदलतात व वस्तू तीच राहते. परंतु वस्तू हलू लागली, की तिच्यामागे पुसट सावट ओढले जाते. फुगडीच्या चित्रणात हा दोष चटकन दिसतो. दुसऱ्या मार्गात एकाच चौकटीतील शेजारचे बिंदू एकमेकांत मिसळतात. त्याचा अतिरेक झाला, की चेहऱ्यावरील सुरकुत्या, लुगड्याचा पोत, भिंतीवरील नक्षी सारे पुसले जाऊन माणसे मेणाची दिसू लागतात. शॉटकट या विनामूल्य आज्ञावलीतही अशा गाळण्या आहेत. त्यांची मात्रा ठरवताना चित्र पडद्यावर पूर्ण आकारात पाहावे व चालू ठेवून पाहावे. थांबवलेल्या एका चौकटीवरून निर्णय घेऊ नये.

दोन गोष्टींचे येथे भान ठेवावे. मोबाईल स्वतःच बरेचसे निवारण करून चित्र साठवीत असतो, त्यामुळे त्यावर पुन्हा भारी मात्रा सोसत नाही. तसेच व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली चित्रफीत वाटेत दाबून लहान केली जाते. संकलनासाठी नेहमी ज्या मोबाईलवर चित्रण झाले त्यातूनच मूळ फाइल तारेने किंवा कार्डाने उतरवून घ्यावी.

घुमट हा गोंगाट नव्हे

गेल्या काही वर्षांत शिकवलेल्या यंत्रांची नवी पद्धत रूढ झाली आहे. ज्याँ-मार्क व्हालँ यांनी २०१७ मध्ये जगापुढे ठेवलेली ‘आरएननॉइज’ ही तिची एक सुरुवातीची मुक्त आवृत्ती. ओबीएस स्टुडिओ या विनामूल्य आज्ञावलीतही ती समाविष्ट आहे. या पद्धतीत नमुना द्यावा लागत नाही. माणसाचे बोलणे कसे असते व गोंगाट कसा असतो, हे असंख्य उदाहरणांवरून यंत्राला आधीच शिकवलेले असते. भाषण, मुलाखत, वर्गातील पाठ यांसाठी ही पद्धत खरोखर उपयुक्त आहे. रस्त्यालगतच्या सभेचे मुद्रणही तिने ऐकण्याजोगे होते.

पण बोलणे तेवढे राखावयाचे, हाच तिचा धर्म आहे. घुमट-शामेळाच्या साथीने चाललेले आरतीगायन अशा आज्ञावलीतून काढले, तर घुमट हा तिच्या लेखी अडथळा ठरतो व ती तो दाबू पाहते. ज्या घुमटाला गोवा शासनाने २०१९ मध्ये राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला, तोच गावच्या मुद्रणातून गोंगाट म्हणून हद्दपार व्हावा, ही विसंगती होय. ८० हर्ट्झखालचा भाग कापण्याचा जो उपाय भाषणाला हितकारक, तोही वाद्यांच्या खर्जाला मारक ठरू शकतो.

धालोची गोष्ट आणखी नाजूक आहे. मांडावर समोरासमोर दोन रांगा करून स्त्रिया गातात. एका रांगेने ओळ म्हणावयाची, दुसरीने ती उचलावयाची. दूरच्या रांगेचा हलका आवाज, पावलांचा ठेका, मध्येच कोणा वृद्धेने पुढच्या शब्दाची करून दिलेली आठवण, हे सारे त्या गाण्याचे अंग आहे. जिला सर्व गाणी येतात अशी म्हातारी प्रत्येक वाड्यावर राहिलेली नाही. तिचा आवाज क्षीण असतो, थरथरतो, श्वासात मिसळतो. आज्ञावलीच्या दृष्टीने तो काढून टाकण्यास सर्वांत सोपा आवाज आहे. घाईने दाबलेल्या एका बटनाने तो गेला आणि मूळ फाइल जागा मोकळी करण्यासाठी पुसली गेली, तर पुढच्या पौषात ती उणीव भरून निघेलच याचा भरवसा कोणी द्यावा?

मूळ प्रत राखावी

यास्तव पहिला आणि शेवटचा नियम एकच. मूळ फाइलीला हात लावू नये. तिची एक प्रत संगणकावर व दुसरी वेगळ्या जागी ठेवावी आणि सर्व निवारण तिसऱ्या प्रतीवर करावे. निवारणाच्या पद्धती दर काही वर्षांनी सुधारत आहेत. आज जो आवाज पंख्यातून वेगळा काढता येत नाही, तो उद्या काढता येईल, मात्र त्यासाठी मूळ मुद्रण शिल्लक असले पाहिजे. फाइलीसोबत एका कागदावर स्थळ, दिनांक, गाणाऱ्यांची वा बोलणाऱ्यांची त्यांच्या संमतीने नावे आणि केलेल्या प्रक्रिया यांची नोंद ठेवावी.

शासकीय कामकाजाच्या चित्रफितींना हा नियम दुपटीने लागू होतो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात सादर करताना त्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात फाइलीचे ‘हॅश’ मूल्यही नमूद करावयाचे असते. फाइलीत किंचित बदल झाला तरी हे मूल्य बदलते. म्हणून लोकांना दाखवण्याची स्वच्छ प्रत वेगळी आणि दप्तरी ठेवावयाची मूळ प्रत वेगळी, असा भेद प्रत्येक कार्यालयाने पाळावा.

सरावाची सोपी रीत

हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही. शाळांना करता येण्याजोगा एक सराव असा आहे. एका वर्गखोलीत पाठ्यपुस्तकातील एकच उतारा तीन वेळा वाचून मुद्रित करावा. पहिल्यांदा पंखा चालू आणि मोबाईल चार मीटरवर. दुसऱ्यांदा पंखा चालू आणि मोबाईल एक मीटरवर. तिसऱ्यांदा पंखा बंद आणि मोबाईल एक मीटरवर. मग पहिल्या मुद्रणातील गोंगाट ६, १२ व २४ डेसिबेलने कमी करून तीन प्रती तयार कराव्यात. ज्या मुलांनी तो उतारा वाचलेला नाही, त्यांच्या निरनिराळ्या गटांना एकेक प्रत ऐकवून श्रुतलेखन घ्यावे व चुका मोजाव्यात. कानाला स्वच्छ वाटणारी प्रत अधिक समजतेच असे नाही, हे मुलांच्या वह्यांवरूनच ध्यानात येईल. त्याचबरोबर मोबाईल जवळ ठेवण्याचे महत्त्व कोणी सांगावे लागणार नाही.

पंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी हाच प्रयोग रिकाम्या सभागृहात करावा व आपल्या सभागृहासाठी मोबाईलची योग्य जागा एकदाच ठरवून तेथे खूण करून ठेवावी. सांस्कृतिक मंडळांनी येत्या पौषापूर्वी आपल्या वाड्यावरील गाणाऱ्या वृद्ध स्त्रियांची यादी करावी, त्यांची संमती घ्यावी आणि मांडावरील मुद्रणाखेरीज प्रत्येकीचे गाणे तिच्या घरी, शांत वेळी, माइक जवळ ठेवून स्वतंत्रपणे मुद्रित करावे. त्या मुद्रणासाठी गोंगाट-निवारणाची गरज बहुधा पडणारच नाही.